उजेडाचा रंग आणि रोपाची भूक

नवरात्रात घरोघर घट बसतात. परडीत शेतातली माती पसरून तीत गहू-ज्वारी पेरतात, मधोमध घट ठेवतात, आणि नऊ दिवसांत वीतभर धान उगवते. दसऱ्याला तेच धान फेट्याला नाहीतर टोपीत खोवून मंडळी सोने लुटायला बाहेर पडतात. त्या धानाचा रंग आपण आठवून पाहा. शेतातल्या गव्हाचा हिरवेपणा त्याला नसतो. ते लांबट, लुसलुशीत आणि पिवळे असते. आणि देवघर जितके अंधारे तितका तो पिवळेपणा अधिक. माती शेतातलीच, बी घरचेच, पाणीही रोजच्या रोज मिळालेले. उणे पडला तो उजेड. पण उजेड अगदीच नव्हता असेही नाही. नऊ दिवस नंदादीप तेवत होता. मग समईचा उजेड उजेडातच जमा नाही काय?

हा प्रश्न पोरवयाचा वाटतो, परंतु त्याच्या मागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. घरात, बंद खोलीत, दिव्याखाली रोप वाढवायचे तर दिवा कसा निवडावा, हे ठरविण्यासाठी अनेक बुद्धिमान माणसे झटली. त्यांतली बरीच चुकली. एकाने तर निळ्या काचा लावून साऱ्या अमेरिकेला वेड लावले. आज आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा रोपांसाठी जांभळे दिवे विकणारा माणूस येऊन पोहोचला आहे. म्हणून ही हकिकत शेतकरी बंधूंनी आणि शिक्षकांनी ऐकून ठेवणे बरे.

प्रारंभ इंग्लंडात होतो. जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाने १७७१ साली बंद भांड्यात मेणबत्ती जाळून तेथली हवा बिघडवली आणि तीत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी पाहतो तो त्या हवेत मेणबत्ती पुन्हा पेटू लागली. वनस्पती बिघडलेली हवा शुद्ध करते हे कळले. पण प्रयोग कधी साधे, कधी फसे. तो का फसतो हे शोधले यान इंगेनहाउस या डच वैद्याने. देवी टोचण्यात हा मोठा वाकबगार. १७६८ साली व्हिएन्नाच्या राजघराण्याला त्यानेच टोचले होते. १७७९च्या उन्हाळ्यात लंडनजवळ एका खेड्यात घर घेऊन त्याने तीन महिन्यांत पाचशेंवर प्रयोग केले. पाण्यात बुडविलेली पाने उन्हात बुडबुडे सोडतात, अंधारात सोडत नाहीत. आणि हे काम उन्हाच्या उबेचे नव्हे, तर उजेडाचे आहे, हे त्याने दाखवून दिले. पाने चुलीजवळ ठेवली तरी ती बुडबुडे सोडीनात.

आता उजेड म्हणजे तरी काय? लोलकातून उन्हाचा किरण नेला की त्याचे सात रंग होतात, हे न्यूटनने इंगेनहाउसच्या शंभर वर्षे आधीच सांगून ठेवले होते. तेव्हा पुढला प्रश्न आपोआपच आला: या रंगांपैकी रोपाला लागतो कोणता? जिनिव्हाचा जाँ सेनेबिए याने दुहेरी भिंतीच्या काचेच्या हंड्या करवून मधल्या पोकळीत रंगीत पाणी भरले आणि आत पाने ठेवून पाहिले. ऑक्सफर्डच्या डॉबेनीने १८३६ साली रंगीत काचा वापरल्या. पण रंगीत काचेची अडचण अशी की, ती एकच रंग सोडते असे नाही. दोनचार रंग मिसळून येतात, आणि एकीतून उजेड जास्त येतो, दुसरीतून कमी. म्हणून जॉन विल्यम ड्रेपर याने १८४३-४४ मध्ये काचा टाकून दिल्या. त्याने खराखुरा लोलक घेतला, उन्हाचा वर्णपट पाडला, आणि एकेका रंगात पाने व पाणी भरलेली एकेक नळी ठेवली. सर्वांत अधिक वायू पिवळ्या उजेडातल्या नळीत जमला.

झाले! पिवळा उजेड हे रोपाचे अन्न ठरले. जर्मनीत यूलियस साक्स याच्यासारखा वनस्पतिशास्त्राचा भीष्माचार्यही तेच म्हणाला. पिवळा हा आपल्या डोळ्याला सर्वांत लख्ख दिसणारा रंग. जो आपल्याला लख्ख, तोच रोपालाही पुष्टिकारक, असे मानणे किती सोपे! साऱ्या हकिकतीत ही समजूत पुन्हापुन्हा डोके वर काढते, म्हणून ती ध्यानात ठेवा.

ही समजूत मोडली क्लिमेंट तिमिर्याझेव्ह या रशियन पंडिताने. त्याचे म्हणणे असे: जो उजेड हरितद्रव्य शोषून घेतच नाही, त्या उजेडावर ते काम कसे करणार? हरितद्रव्य शोषते तांबडा आणि निळा. मग ड्रेपरला पिवळा कसा सापडला? तिमिर्याझेव्हने ड्रेपरची मांडणी तपासली. ज्या फटीतून किरण आत घेतला होता, ती फट रुंद होती. फट रुंद असली म्हणजे वर्णपटाचे रंग एकमेकांवर चढतात. ड्रेपरच्या पिवळ्या नळीवर तांबड्याचाही पदर पडला होता. फट अरुंद केली की रंग निर्मळ होतात. परंतु मग उजेड इतका थोडा येतो, की पानातून निघणारा वायू मोजायलाच पुरत नाही. तिमिर्याझेव्हने अगदी कणभर वायूही मोजता येईल असे उपकरण स्वतः बनविले आणि १८७५-७७च्या सुमारास सिद्ध केले की, अन्न करण्याचे काम तांबड्या उजेडात, हरितद्रव्य जेथे तो शोषते नेमके तेथे, जोरात चालते. केवळ एका फटीच्या रुंदीमुळे तीस-एक वर्षे पंडितांची दिशाभूल झाली होती. पुढे १९०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान द्यायला उभा राहिला तेव्हा हा विनोदी गृहस्थ म्हणाला, गलिव्हरच्या प्रवासात काकडीतून सूर्यकिरण काढू पाहणारा जो खुळा पंडित आहे ना, तसाच मी!

त्याहून सुंदर पुरावा १८८२ साली एंगेलमान याने दिला. विज्ञानाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका देखणा प्रयोग मला दुसरा ठाऊक नाही. हिरव्या शेवाळाचा एक तंतू त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्या तंतूवर इवलासा वर्णपट पाडला; एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा. पाण्यात प्राणवायूसाठी धडपडणारे जंतू सोडले. गुळाच्या खड्याकडे मुंगळे जमावेत तसे ते जंतू जमले. पण तंतूभर सारखे नव्हे. तांबड्या उजेडात दाट घोळका, निळ्यात दुसरा घोळका, आणि हिरव्यात तुरळक. जेथे रोप काम करते तेथे प्राणवायू निघतो, आणि जेथे प्राणवायू तेथे जंतू. हजारो साक्षीदारांनी एका क्षणात साक्ष दिली. आपल्या जगदीशचंद्र बसूंनाही या विषयाने ओढून घेतले होते. हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे आपोआप नोंदविणारे यंत्र त्यांनी कलकत्त्यात उभे केले आणि १९२४ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पंडितांचे हे चालले असता बाजारात काय चालले होते ते पाहा. फिलाडेल्फिया शहरात ऑगस्टस प्लीझंटन नावाचे एक सेनानी राहत. त्यांनी १८६०-६१ साली द्राक्षांसाठी काचघर बांधले आणि आठ ओळींमागे एक ओळ निळ्या काचांची बसविली. वेल तरारून वाढले, द्राक्षांचे घड लोंबू लागले, आणि हा सारा प्रताप निळ्या किरणांचा असे सेनानींनी ठरविले. मग डुकरांच्या गोठ्याला निळ्या काचा लागल्या. १८७६ साली त्यांनी पुस्तक काढले, ते निळ्या कागदावर, निळ्या शाईने छापलेले! त्यानंतर अमेरिकेत जी लाट उसळली तिला तोड नाही. संधिवातासाठी निळी काच, पाठदुखीसाठी निळी काच. जो तो खिडकीला निळे तावदान बसवू लागला. शेवटी एका शास्त्रीय मासिकाने १८७७ साली हिशोब मांडला. निळी काच उजेडात निळ्याची भर घालीत नाही. ती बाकीचे रंग अडविते, एवढेच. म्हणजे निळ्या काचेखाली रोपाला जो निळा उजेड मिळतो, तो साध्या काचेखालीही मिळतोच. वर तांबडाही मिळतो. लाट ओसरली. काचवाल्यांनी मात्र पैसे करून घेतले.

विजेचा दिवा आला तेव्हा हा प्रश्न पुस्तकातून उठून बागेत आला. विल्यम सीमेन्स हा मोठा कारखानदार-शास्त्रज्ञ. १८८० साली त्याने टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या बागेत कर्बाच्या कांड्यांचा झगझगीत दिवा लावून रात्रभर रोपांवर उजेड पाडला. वाफेच्या इंजिनावर वीज, आणि इंजिनाच्या उष्णतेवर काचघर गरम, असा पक्का व्यापारी हिशोब. रोपे रात्रीही वाढली. पण दिवा उघडा ठेवला की पाने करपत. भोवती काचेचा घुमट बसवला की करपणे थांबे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली याने १८९१ मध्ये हेच पाहिले. त्याचे सॅलड लवकर काढणीस आले आणि पालक भाजी देण्याऐवजी बिया धरून बसला. डोळ्याला न दिसणारे जंबुपार किरण पाने जाळीत होते आणि काच ते किरण अडवीत होती. दिव्यात नुसता उजेड किती एवढे पाहून भागत नाही, त्यात कोणकोणते किरण आहेत हेही पाहावे लागते, हा धडा येथे मिळाला.

पालकाने बिया धरल्या, हेही ध्यानात ठेवा. त्याचे कोडे पुढे १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी सोडविले. त्यांची तंबाखूची एक जात पुरुषभर उंच वाढे, पण शेतात फुलावर येईना. रोज दुपारी ती रोपे एका अंधाऱ्या खोपटात ढकलून दिवस लहान केला, तेव्हा ती फुलली. रोपे दिवसाची, किंवा खरे म्हणजे रात्रीची, लांबी मोजतात. आपली जुनी तूर दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येते, ती यामुळे. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन शेजारचे सारे पीक वाळले तरी हिरवे राहते, तेही यामुळेच.

साध्या बल्बचे, म्हणजे तार तापवून उजेड देणाऱ्या दिव्याचे, रोपांच्या कामी फार जमले नाही. त्याच्या विजेचा दहावा हिस्साच काय तो उजेड होतो. बाकी सारी उष्णता. दिवा जवळ आणावा तर रोप भाजते, दूर न्यावा तर उजेड पुरत नाही. शिवाय त्याच्या उजेडात तांबडा भरपूर आणि निळा थोडका, म्हणून रोप लांबुळके होते. नंदादीपाची गोष्ट याहून उणी. त्याचा वर्णपटही तांबड्या-पिवळ्याकडेच झुकलेला, आणि उजेड इतका थोडा की रंगाचा प्रश्न पुढे येतच नाही. आपल्याकडच्या स्वच्छ दुपारच्या उन्हाचा उजेड लक्स या मापाने लाखाच्या घरात जातो. ट्यूबलाइटच्या वर्गात तो तीनशेच्या आसपास असतो. आपला डोळा दोन्हीकडे सहज वाचू शकतो, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. रोपाला तो जन्ममरणाचा असतो.

मग आली ट्यूब. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ साली ती बाजारात आणली, आणि १९३९च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी ती डोळे भरून पाहिली. तिची रचना शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावी. नळीत किंचित पारा असतो. विजेने त्याची वाफ चेतली की तीतून मुख्यतः जंबुपार किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत. नळीच्या आतल्या बाजूला जी पांढरी भुकटी फासलेली असते, ती हे किरण गिळते आणि त्यांच्या जागी दिसणारा उजेड टाकते. म्हणजे उजेडाचा रंग ठरविते ती भुकटी. भुकटी बदला, वर्णपट बदलेल. उजेडाचा रंग मागणीप्रमाणे घडविता येण्याचा हा माणसाच्या इतिहासातला पहिलाच मोठा प्रसंग.

या भुकटीची एक करुण कथाही आहे. आरंभीच्या ट्यूबांत बेरिलियम धातूचा अंश असलेली भुकटी वापरीत. कारखान्यातल्या कामगारांना, त्यांत तरुण मुलीही होत्या, फुप्फुसाचा असाध्य रोग जडू लागला. १९४९ साली अमेरिकन कारखान्यांनी ती भुकटी सोडून दिली. तोवर इंग्लंडात मॅकीग आणि रॅन्बी या दोघांनी १९४२ साली दुसरी भुकटी शोधून काढली होती. ती हाडांतल्या चुन्याच्या जातीची; तीत अँटिमनी आणि मँगनीज यांचा लेश घातलेला. अँटिमनी निळसर उजेड देते, मँगनीज नारिंगी. मँगनीज कमी घातले की ‘डेलाइट’ ट्यूब झाली, मध्यम घातले की ‘कूल व्हाइट’, आणि सढळ हाताने घातले की ‘वॉर्म व्हाइट’. पुढची कित्येक दशके जगभरच्या शाळा, कचेऱ्या, दुकाने उजळली ती मुख्यतः या एका भुकटीने.

खोक्यावर ६५००, ४०००, ३००० असे आकडे असतात, त्यांचा अर्थ असा. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापते तेव्हा आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते. उजेडाचा रंग किती तापलेल्या पदार्थासारखा, तो हा आकडा. म्हणून आकडा मोठा तर उजेड निळसर, आकडा लहान तर पिवळसर-तांबूस. नाव मात्र उलटे: मोठ्या आकड्याला थंड म्हणतात, लहानाला ऊबदार! आणि हा आकडा वर्णपट सांगत नाही, त्याची एकंदर छटा तेवढी सांगतो. दोन ट्यूबांचे आकडे सारखे असून त्यांचे वर्णपट निराळे असू शकतात.

ट्यूबलाइट गार असते, म्हणून रोप तिच्याजवळ वीतभर अंतरावर ठेवता येते. अमेरिकेत लोकांनी तळघरांत ट्यूबांखाली आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्या मांडल्या. कॅलिफोर्नियात १९४९ साली फ्रिट्स वेंट याने ऊन, वारा, थंडी सारे काही हुकमी असलेली रोपांची प्रयोगशाळा उघडली. तेथेही ट्यूबाच होत्या, आणि त्यांच्या जोडीला थोडे साधे बल्ब. बल्ब कशाला? तर साध्या ट्यूबच्या वर्णपटात तांबड्याच्या टोकाला उजेड फार विरळ असतो.

त्या टोकाला काय दडले आहे, हे नेमके त्याच सुमारास बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रात उघड होत होते. बॉर्थविक हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हेंड्रिक्स हा रसायनशास्त्रज्ञ, या जोडीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोलकातून एवढा मोठा वर्णपट पाडला की त्याच्या पट्ट्यापट्ट्यांत कुंड्या ओळीने मांडता येत. १९५२ साली त्यांनी सॅलडच्या बियांची हकिकत प्रसिद्ध केली. या जातीचे बी अंधारात फारसे रुजत नाही. तांबड्या उजेडाचा एक झोत दिला की रुजते. पण त्यानंतर लगेच त्याहून गडद, डोळ्याला दिसेल न दिसेलसा तांबडा उजेड दिला, तर रुजणे रद्द! पुन्हा तांबडा दिला की पुन्हा रुजते. कितीही वेळा आलटूनपालटून दिला तरी शेवटचा झोत कोणता, त्याप्रमाणे बी वागते. त्यांनी ओळखले की रोपात एखादे रंगद्रव्य विजेच्या बटणासारखे काम करीत असावे. १९५९ साली ते प्रत्यक्ष हाती लागले. त्याला फायटोक्रोम म्हणतात.

म्हणजे रोप उजेडाचा उपयोग दोन रीतींनी करते: एक अन्न म्हणून, दुसरा बातमी म्हणून. अन्नाला उजेड भरपूर लागतो. बातमीला चिमूटभर पुरतो, पण तो नेमक्या रंगाचा हवा. पुणे-साताऱ्याकडचे जे शेतकरी हरितगृहात शेवंती घेतात, ते रात्री काही वेळ दिवे लावून कळ्या धरणे लांबवितात. तो बातमीचा उजेड, अन्नाचा नव्हे. म्हणून तेथे थोडे दिवे पुरतात आणि ते तांबडा उजेड देणारे असावे लागतात.

आता बाजाराने यात पुन्हा उडी घेतली. हरितद्रव्य तांबडा आणि निळा शोषते ना? मग तेवढेच दोन रंग देणारी ट्यूब काढू, हिरव्या-पिवळ्यावर वीज कशाला दवडा? १९६०च्या दशकात सिल्व्हेनिया कंपनीची ग्रो-लक्स आणि तिच्यासारख्या आणखी काही ट्यूबा आल्या. त्यांचा उजेड गुलाबी-जांभळा. त्यात पाने गर्द दिसत, तांबडी फुले पेटल्यासारखी दिसत, आणि किंमत साध्या ट्यूबच्या कितीतरी पट. घेणाऱ्याचा विश्वास बसे, कारण रोप डोळ्यांसमोर सुंदर दिसे. पण सुंदर दिसणे वेगळे, वाढणे वेगळे. बेल्ट्सव्हिलच्याच कॅथी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अनेक जातींची रोपे निरनिराळ्या ट्यूबांखाली शेजारी शेजारी वाढवून पाहिली. खास ट्यूबांच्या मानाने साधी, स्वस्त कूल व्हाइट कोठे फारशी मागे पडली नाही.

असे का झाले? उत्तर मॅक्री याने १९७२ साली दिले. त्याने बावीस जातींच्या पिकांची पाने घेतली आणि वर्णपटाचा एकेक रंग देऊन प्रत्येकाचे काम मोजले. तांबडा पहिला आला, हे खरे. पण पानाने शोषलेल्या उजेडाच्या हिशोबाने हिरवा निळ्याच्या तोडीस तोड उतरला! बाटलीत काढलेले हरितद्रव्य हिरवा उजेड जवळजवळ सोडून देते. पण पान म्हणजे बाटली नव्हे. पानात पेशींचे थरावर थर असतात. हिरवा उजेड त्यांत इकडून तिकडे आपटत खोल जातो आणि बराचसा शोषला जातो. जो थोडा परत येतो तेवढ्यावर आपण पानाला हिरवे म्हणतो. एंगेलमानचे शेवाळ एका पेशीच्या जाडीचे होते, म्हणून तेथे हिरव्यात जंतू तुरळक दिसले. त्याचा प्रयोग खराच होता. त्यावरून आंब्याच्या पानाबद्दल अनुमान काढणे तेवढे फसवे.

आणखी एक गोम सांगितली पाहिजे. खोक्यावर उजेडाचे माप ल्युमेनमध्ये छापतात. ते माप माणसाच्या डोळ्यावरून ठरविलेले आहे, आणि डोळ्याला हिरवट-पिवळा सर्वांत अधिक दिसतो. पिवळा भरून ल्युमेन वाढविलेला दिवा आपल्याला झगझगीत वाटेल. रोपाला तो तितका मानवेलच असे नाही. उलट जांभळ्या दिव्याचे ल्युमेन कमी भरतात, म्हणून तो निकामी ठरत नाही. साक्सला जो पिवळा भुलवून गेला, तोच खोक्यावरच्या आकड्यात बसलेला आहे.

तेव्हा ज्याला ट्यूबाखाली रोप करावयाचे असे, त्याने काय करावे, याचे पक्के उत्तर १९७०च्या दशकाअखेर झाले होते. एक कूल व्हाइट किंवा डेलाइट, शेजारी एक वॉर्म व्हाइट. रोपाच्या शेंड्यापासून वीत-दीड वीत अंतर. दिवसाचे चौदा-सोळा तास. आणि ट्यूबवरची धूळ पुसणे. निळा उजेड रोपाला ठेंगणे-गुटगुटीत ठेवतो, तांबडा वाढवितो, आणि दोन्ही मिळाले की झाले. फुलावर आणायचे तर जोडीला एखादा साधा बल्ब. ट्यूब जुनी झाली की डोळ्याला कळण्याआधी रोपाला कळते. म्हणून ती पूर्ण विझण्याची वाट न पाहता बदलावी.

आपल्याकडे या विद्येचा मोठा उपयोग झाला तो ऊतिसंवर्धनात. जळगावकडे ग्रँड नैन केळीची जी रोपे शेतकरी घेतो, त्यांचे बालपण शेतात गेलेले नसते. काचेच्या बरण्यांत, पांढऱ्या उजेडाच्या मांडण्यांवर ती वाढलेली असतात. तेथे उजेड फारसा प्रखर लागत नाही, कारण बरणीतल्या खळीत साखर घातलेली असते. रोपाला स्वतः अन्न करण्याची अडचण कमी. म्हणूनच बरणीतून काढलेले रोप एकदम उन्हात लावीत नाहीत. आधी सावलीच्या जाळीखाली त्याला उन्हाची सवय करावी लागते.

एवढे समजले म्हणजे जांभळे दिवे विकणाऱ्याला काय विचारावे तेही समजते. मक्याचा चारा परातीत सात-आठ दिवसांत करून देतो, फक्त हे दिवे घ्या, असे कोणी म्हणाला, तर सांगा की एवढ्या दिवसांत मोड बियातल्या साठ्यावर वाढतो. घराचा साधा उजेड त्याला पुरतो. बाराही महिने भाजी दिव्याखाली काढा, असे म्हणाला तर विजेचा दर पुढे ठेवा. युरोपच्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवीत नाही, तेथे तो हिशोब कधी जमतो. आपल्या छपरावर लाख लक्स फुकट पडत असतात. जांभळा दिवा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तांबड्या-निळ्या दिव्यांनी रोप वाढते, वीजही कमी लागते. पण त्याच पैशांत पांढरा एलईडी दिवा मिळत असेल तर मी तो घेईन. त्याखाली पानावरचा रोग, कीड, पिवळेपणा डोळ्याला दिसतो, जांभळ्याखाली दिसत नाही.

पांढरा एलईडी हाही ट्यूबचाच धाकटा भाऊ समजावा. १९९३ साली जपानात नाकामुरा याने झगझगीत निळा एलईडी केला. पुढे २०१४चे नोबेल पारितोषिक त्याला आकासाकी आणि आमानो यांच्यासह मिळाले. या निळ्या ठिपक्यावर पिवळी चकाकणारी भुकटी फासली की पांढरा उजेड होतो. पुन्हा भुकटीच! पाऱ्याची मात्र गरज उरली नाही. पाऱ्याच्या विषासंबंधीच्या मिनामाटा कराराच्या देशांनी २०२३ साली जिनिव्हात बैठक घेऊन ट्यूबांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७पर्यंत बंद करण्याचे ठरविले; भारत या करारात आहे.

शाळेच्या कपाटावर जुनी ट्यूब पडली असेल तर ती फोडू नका; पारा वर्गात पसरेल. पण ती भिंतीवर अजून चालू असेल तोवर तिचा एक उपयोग करून घ्या. जुनी सीडी तिरपी धरून तीत ट्यूबचे प्रतिबिंब मुलांना पाहू द्या. उजेड तुटक पट्ट्यांत दिसेल: एक निळा पट्टा, एक ठळक हिरवा. मग तीच सीडी एलईडी दिव्याखाली धरा. पट्टा अखंड दिसेल. उन्हाचे पाहायचे तर पांढऱ्या भिंतीवर पडलेले ऊन तीत पाहा, सूर्याचे प्रतिबिंब नव्हे. डोळ्याला इजा होईल. नंतर तळ्यातली हायड्रिलाची काडी काचेच्या पेल्यात पाण्याखाली, कापलेले टोक वर करून ठेवा, चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, आणि पेला उन्हात ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. मग पेल्याभोवती तांबडा, निळा, हिरवा जिलेटिन कागद पाळीपाळीने गुंडाळून पुन्हा मोजा. आकडे फळ्यावर लिहा, आणि मुलांना विचारा: या कागदांतून सारखाच उजेड आत जातो कशावरून? डॉबेनीच्या रंगीत काचांची अडचण त्यांना तेथेच सापडेल.